बत्तीस अँपिअरचा जावई

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी भवानी पेठेतल्या आमच्या घरात जिन्यालगतची तेरा फूट वायर शिजली. जीवितहानी नाही. घटनेच्या वेळी घरात तीन माणसं होती. एकाच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती, एक भाकरी थापत होती आणि तिसरा इसम पंख्याखाली बसून दुसऱ्यांच्या बातम्यांतल्या चुका काढत होता.

तो इसम मी.

मी एका दैनिकात वीसेक वर्षं उपसंपादक आहे. दोन स्रोतांनी दुजोरा दिल्याशिवाय माझ्या टेबलावरून बातमी पुढे सरकत नाही. ‘असे समजते’ हे दोन शब्द मी आजवर किती वेळा खोडले असतील याची मोजदाद नाही. ‘सुमारे तीन म्हशी दगावल्या’ असं लिहून आणणाऱ्या वार्ताहराला मी पुन्हा गावी पाठवलं होतं. म्हशी मोजायला! (तीनच होत्या.) हे सांगायचं कारण एवढंच, की घरात जे घडलं ते एका चुकीच्या बातमीमुळे घडलं आणि ती बातमी मी दिली होती.

आता पार्श्वभूमी.

सुजाता माझी बायको. तिचे वडील, म्हणजे माझे मामा (आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात, सुजाता त्यांना दादा म्हणते), श्रीपूरच्या साखर कारखान्यात चौतीस वर्षं होते. वायरमन म्हणून लागले, इलेक्ट्रिक फोरमन म्हणून निवृत्त झाले. लेकीच्या घरी ते दोन रात्रींपेक्षा जास्त कधी राहिले नाहीत. आले की चपला दाराबाहेर काढायच्या, त्याही रस्त्याकडे तोंड करून. म्हणजे उठलं की पाय घालायचा आणि निघायचं.

यंदा त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सोलापुरात झालं. डॉक्टरांनी पंधरा दिवसांची यादी दिली. डोळ्यात धूळ जाता कामा नये, घाम जाता कामा नये, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, मोबाइल बघायचा नाही. श्रीपूरच्या घरावर पत्रे आणि दारात धुरळ्याचा रस्ता. तेव्हा पंधरा दिवस आमच्याकडेच राहायचं, असं सुजातानं ठरवलं. मामा तिसऱ्या दिवशी तयार झाले. एका अटीवर.

“सुजे, माझ्यापायी कुणाची अडचन झाली, की त्या दिशी मी एसटीत. मग आडवू नगं.”

आमची वरची खोली थेट स्लॅबखाली आहे. एप्रिलमध्ये पापड वाळवायला आम्हाला गच्चीपर्यंत जावं लागत नाही. खोलीतच वाळतात. त्यात मामांना ठेवायचं म्हणजे एसी आला. दीड टनाचा एसी आम्ही घेतला, त्याचं बाहेरचं धूड गच्चीवर बसलं आणि प्रश्न आला विजेचा. या मॉडेलला वीज गच्चीवरच्या धुडातच द्यायची होती. कंपनीचा माणूस “पॉइंट तुमचा तुम्ही बघा” म्हणून निघून गेला.

“त्यात काय बघायचं?” मी म्हणालो. “गच्चीवर वायर आहेच की!”

वायर होती. पंधरा वर्षांपूर्वी टाकलेली. उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपायचं, तेव्हा एक दिवा आणि एक टेबलफॅन चालावा म्हणून. खालच्या बोर्डातून निघायची, जिन्याच्या भिंतीवरच्या प्लास्टिकच्या पट्टीतून वर जायची. गेल्या डिसेंबरात सोलरच्या टाकीत ढगाळ दिवसांसाठी विजेचं कॉइल बसवलं, तेही तिच्यावरच. (हे कॉइल वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.)

गल्लीतले इलेक्ट्रिशियन इक्बालभाई आले. त्यांनी वायरीचं टोक दोन बोटांत धरलं आणि एखाद्या अशक्त पेशंटची नाडी बघावी तसं बघितलं.

“साब, ये दीड एमएम की है. पंख्याची वायर आहे ही. हिच्यावर एसी नक्को.”

“मग?”

“चार एमएमची नवी खेचू. खालच्या बोर्डापासून सीधी गच्चीवर. आधे दिन का काम.”

“धूळ होईल का?”

“भिंत टोचल्यावर धूळच येणार की साब. अत्तर थोडंच येणार!”

मामा दुसऱ्या दिवशी येणार होते. धूळ डॉक्टरांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती. शिवाय जिन्याला नुकताच रंग दिला होता. लोण्यासारखा. तो निवडायला सुजाताला तीन आठवडे लागले होते. मी दोन्ही बाजू तपासून निर्णय दिला, “मामा गेल्यावर वायर बदलू. तोवर चालवून घ्या.”

इक्बालभाईंनी नाखुशीनं गच्चीच्या वायरीवरचा दहा अँपिअरचा जुना ब्रेकर काढला, सोळाचा बसवला.

“सिर्फ एसी चालवायचा. गच्चीवर दुसरं काय बी चालू ठेवायचं नाही. और ये गिरा, तो समझो वायर बोंबलतीय. उसका मुँह बंद मत करना.”

“नाही करणार,” मी म्हणालो. हे विधान मी केलं होतं, याला इक्बालभाई साक्षीदार आहेत.

रविवारी मामा आले.

“जयभीम, जावईबापू.”

“जयभीम, मामा. या.”

चपला बाहेर निघाल्या. तोंड रस्त्याकडे. वरच्या खोलीत गेल्यावर मामांनी पट्टी नसलेला डोळा बारीक केला.

“हे तर कोल्ड स्टोरेज हाय की! द्राक्षं ठिवा हितं. मला कशाला!”

पण पलंगावर पडल्यावर पाच मिनिटांत त्यांचं घोरणं सुरू झालं. सुजातानं खाली येऊन मला धपाटं आणि दही दिलं. न मागता! घरात माझं स्थान उंचावल्याचं ते अधिकृत चिन्ह होतं.

सोमवारी सकाळी नऊ चाळीसला एसी बंद पडला. सोळाचा ब्रेकर पडला होता. मी तो वर केला. वीस मिनिटांत पुन्हा पडला. वरच्या खोलीचा तवा झाला, मामांना हिरव्या पट्टीखाली घाम यायला लागला आणि सुजाता वहीनं वारा घालत बसली. दुपारी मात्र एसी सुरळीत चालला. मंगळवारी तेच. बुधवारी तेच.

अशा वेळी सामान्य माणूस इलेक्ट्रिशियनला बोलावतो. मी नोंदवही काढली.

तीन दिवसांच्या नोंदींतून एक सूत्र स्पष्ट दिसत होतं. मामांची आंघोळ नऊला. एसी बंद नऊ चाळीसला. तिन्ही दिवस! मामांना एप्रिलमध्येही कढत पाणीच लागतं. (“सगळी उमर बॉयलरशेजारी गेली. गार पानी अंगाला वळख देत न्हाय.”) मानेखालून तीन बादल्या. बुधवारी जेवताना मी निष्कर्ष मांडला.

“तिन्ही घटना आंघोळीनंतर घडल्या आहेत.”

“म्हणजे काय, दादांनी आंघोळ करायची नाही?” सुजातानं विचारलं.

“मी तसं म्हटलेलं नाही. मी फक्त घटनाक्रम सांगतोय.”

“घटनाक्रम सांगतायत! अहो, माणूस न्हाणीत आंघोळ करतो आणि गच्चीवरचा एसी बंद पडतो? कोण ऐकलं तर हसेल की!”

मामा घास थांबवून विचार करत होते. “जावईबापू, गच्चीवर आजून काय काय जोडलंय?”

“एक दिवा, एक पंखा,” मी ताबडतोब म्हणालो. ठाम. स्पष्ट. चुकीचं.

“मग सोळाला पडाय नगं,” मामा म्हणाले आणि कोड्यात पडले. चौतीस वर्षांच्या फोरमनला मी एका वाक्यात निकामी केलं होतं.

“दादा, तुम्ही डोकं चालवायचं नाही. आराम करायचा. हे बघतायत सगळं,” सुजातानं सांगितलं.

गुरुवारी सकाळी मामांनी आंघोळ केली नाही. नुसतं ओल्या फडक्यानं अंग पुसलं आणि खोलीत जाऊन बसले. एसी दिवसभर चालला. एकदाही पडला नाही! माझं सूत्र सिद्ध झालं होतं. मी खुशीत वर गेलो तर मामा कापडी पिशवीत धोतर घालत होते.

“बगा, माझ्यामुळंच बंद पडत हुतं. सुजे, चष्मा कुटं ठिवलाय माझा? संध्याकाळची एसटी हाय.”

दारात सुजाता उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेला ब्रेकर बसवण्याची सोय अजून निघालेली नाही.

“थांबा मामा,” मी म्हणालो. “संध्याकाळपर्यंत दुरुस्त करतो. उद्या पाच बादल्या घ्या!”

मला सोळाचा ब्रेकर कमकुवत वाटत होता. पडतो म्हणजे त्याच्यात दम नाही, असा माझा तर्क. मोठा बसवला की पडणार नाही. फक्त एका तज्ज्ञाचा दुजोरा हवा होता, आणि तज्ज्ञ वरच्या मजल्यावर पिशवी घेऊन बसला होता. चहाच्या वेळी मी त्याची मुलाखत घेतली.

“मामा, कारखान्यात मोठे ब्रेकर किती अँपिअरचे असायचे हो?”

मामांचा उघडा डोळा चमकला. पाच दिवसांत पहिल्यांदाच त्यांना कुणी कामाचं काही विचारत होतं.

“आटशेचं हुतं. बाराशेचं हुतं. मेनला सोळाशेचा. पडला की असा आवाज यायचा, की क्यांटीनमदल्या कपबशा हालायच्या!”

“मग बत्तीस म्हणजे काहीच नाही.”

“बत्तीस?” मामा हसले. “बत्तीस तर सायबाच्या बंगल्याला बी पुरायचा न्हाय!”

मुलाखत संपली. खाली येऊन मी सुजाताला सांगितलं, “मामांशी बोललो. बत्तीस तर साहेबाच्या बंगल्यालाही पुरायचा नाही म्हणाले. बत्तीसचा बसवतोय.”

यातला प्रत्येक शब्द खरा होता. हे मी कोणत्याही चौकशी समितीपुढे सांगायला तयार आहे. अशी विधानं कुणी बातमीत लिहून आणली असती, तर मी त्याला पुन्हा म्हशी मोजायला पाठवलं असतं.

“दादा म्हणाले ना? मग बसवा,” सुजाता म्हणाली.

कोपऱ्यावरच्या दुकानातून मी बत्तीसचा ब्रेकर आणला. इक्बालभाईंना बोलावलं नाही. (तेच ते पुन्हा ऐकावं लागलं असतं.) मेन बंद केला, रबरी चपला घातल्या, दोन स्क्रू ढिले, दोन स्क्रू घट्ट. सात मिनिटांत काम झालं. मग बोर्डाचा फोटो काढून सासरच्या मंडळींच्या ग्रुपवर टाकला : ‘मामांशी चर्चा करून गच्चीच्या लाइनला ३२ अँपिअरचा ब्रेकर बसवला. ट्रिपिंगचा प्रश्न मिटला.’ सात अंगठे आले. मामांचा अंगठा आला नाही, कारण मोबाइल डॉक्टरांच्या यादीत होता.

शुक्रवारी मामांनी तीन बादल्या घेतल्या. एसी चालला. शनिवारी चार घेतल्या. एसी चालला! मी नोंदवही बंद केली. पिशवीतलं धोतर पुन्हा दोरीवर आलं. सुजातानं शेंगाची चटणी कुटली. घरात इतकी शांतता होती, की जिन्यातून वर जाताना भिंत जरा कोमट लागते असं मला वाटलं, तेव्हा मी ते उन्हावर ढकललं.

मग तो रविवार आला.

रविवारी सुजातानं मामांच्या आंघोळीनंतर चार चादरी भिजवायला गरम पाणी घेतलं. टाकी पार रिकामी झाली. मी खाली अंकातल्या चुकांना लाल गोल करत होतो. मामा वरून भिंतीचा आधार घेत जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत आले आणि थांबले. नाक वर केलं.

“जावईबापू, काय तरी शिजतंय.”

“सुजाता भाकरी करतीय, मामा.”

“भाकरी न्हाय. वायर हाय.”

“असं वाटतंय तुम्हाला. खिडकीतून कुठून तरी…”

“चौतीस वर्सं ह्याच वासाच्या मागं पळालोय मी! मेन बंद करा आदी!”

मी धावलो. मेन बंद केला. पंखा थांबला, एसी थांबला आणि त्या शांततेत जिन्याच्या वळणावरून प्लास्टिकची पट्टी हळूच सुटून लोंबकळली. तापलेल्या गुळाच्या तारेसारखी! तिच्या मागे, लोण्यासारख्या भिंतीवर, खालपासून वरपर्यंत एक सरळ तपकिरी रेघ उमटली होती. ज्या रंगासाठी मी भिंत टोचू दिली नव्हती, त्याच रंगावर.

मामा वाकले नाहीत (डॉक्टरांची यादी), पण त्यांचा आवाज जिन्यातून खाली आला.

“वायर किती एमएमची?”

“स्टँडर्ड आहे.”

“स्टँडर्ड किती?”

“दीड.”

“आन् ब्रेकर?”

मी अंकाकडे बघितलं. लाल गोलांनी भरलेला होता.

“बत्तीस.”

मामांनी लोंबकळणाऱ्या पट्टीकडे बघितलं.

“कुनी बशिवला?”

सुजाता पिठाच्या हातानं स्वयंपाकघरातून बाहेर आली. “दादा, असं काय करताय? तुम्हीच सांगितलं की बत्तीसचा!”

“मी?”

“हे म्हणाले ना!”

दोघांनी माझ्याकडे बघितलं. तीन डोळे होते. तीस वाटले.

“मी असं म्हणालो नव्हतो,” मी सुरुवात केली. “मी म्हणालो होतो, की मामांशी बोललो. पुढचं वाक्य वेगळं होतं.”

“आणि ग्रुपवर टाकलं ते?” सुजाता म्हणाली आणि तिचा चेहरा बदलला. “अगं बाई! प्रकाशनं पण बसवलाय!”

प्रकाश तिचा भाऊ. राहणार मोडनिंब. त्याच्याही गच्चीवर एसी, त्याचाही ब्रेकर पडायचा.

“कुनाच्या सांगन्यावरनं?” मामांनी विचारलं.

“तुमच्या.”

मामा जिन्याच्या पायरीवर बसले. इतका वेळ त्यांचा आवाज चढलेला होता, तो उतरला. ते मला जास्त लागलं.

“चौतीस वर्सात माझ्या हातनं एक ठिणगी पडली न्हाय कुनाच्या घरात. कारखान्यात नवीन पोरगं आलं की सायेब त्येला म्हनायचे, ह्यांनी सांगितलं तेवडंच कर. आन् आता माझ्याच पोराच्या घरात, माझ्या नावानं, दीड एमएमवर बत्तीस.”

सुजातानं प्रकाशला फोन लावून मामांच्या कानाला धरला. पलीकडचा आवाज सगळ्या जिन्याला ऐकू गेला.

“दादा, तुमी सांगितलं म्हटलं म्हनून बसवला की! न्हायतर दाजींचं कोन ऐकतंय?”

“आत्ता मेन बंद कर,” मामा म्हणाले. “वायरमन यीस्तवर कशाला हात लावू नगंस. आन् परकाश, हितनं फुडं माझ्या तोंडनं ऐकल्याबिगर माझं म्हनू नगंस.”

फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, “खरं सांगा. गच्चीवर काय काय हाय?”

“एसी, एक दिवा, एक पंखा.”

“आणि सोलरचं कॉइल,” सुजाता म्हणाली.

“ते हिवाळ्यात. आता बंद आहे.”

“बगून या,” मामा म्हणाले. “कुनी सांगितलं म्हनून न्हाय. डोळ्यानं बगून या.”

मेन बंदच होता. मी वर गेलो. टाकीखालचं बटण बघितलं. चालू होतं. डिसेंबरपासून चालू होतं! त्याचा लाल दिवा उन्हात कधी दिसलाच नसता, हाताची सावली धरूनसुद्धा. बटणाची खालची बाजू दाबलेली होती, तेवढं पुरेसं होतं. मी खाली येऊन वृत्त दिलं.

“म्हंजे असं,” मामा बोटांवर मोजत म्हणाले. “मी आंगुळ केली की टाकीत गार पानी येतंय. गार पानी आलं की कॉइल आपसूक चालू हुतंय. वर एसी चालूच हाय. दोगं मिळून सतरा-आटरा अँपिअर, पंख्याच्या वायरीतनं. सोळाचा ब्रेकर रोज तुमाला हात जोडून सांगत हुता, की बाबांनो, वायर दमली.” ते थांबले. “तरीच म्हनलं पानी एवडं कडक कसं! मी तर शेजाऱ्यास्नी सांगनार हुतो, जावयाचा सोलर लई भारी हाय!”

सुजाता तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. भाकरीचा तवा तिथे शांत होता, म्हणजे ती हसायलाच गेली होती.

अकरा वाजता इक्बालभाई आले. त्यांनी तपकिरी रेघ बघितली. बोर्ड बघितला. मला बघितलं.

“मुँह बंद कर दिया ना साब उसका?”

“हो.”

“बत्तीस का लगाके?”

“हो.”

“चालतंय. पेपरात नक्को टाकू.”

आता भिंत टोचावीच लागणार होती. मामांना खालच्या खोलीत बसवलं आणि धूळ येऊ नये म्हणून दारावर सुजातानं नुकतीच धुतलेली, ओली सोलापुरी चादर टांगली. चादरीवर मोर होता. पुढचे चार तास त्या मोरानं आमच्यावर हुकूम सोडले.

“जावईबापू, वर जावा! मशीनच्या पाटीवर काय लिवलंय ते वाचा!”

मी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन गच्चीवर गेलो. साडेअकराचं ऊन. पाटी धुडाच्या पाठीमागे, ढोपरभर उंचीवर होती. वाकायला मला डॉक्टरांची मनाई नव्हती.

“रेटेड करंट सात पॉइंट आठ!” मी जिन्यात ओरडलो.

“ते न्हाय! ते निवांत असतानाचं! जास्तीत जास्त किती?”

“अकरा पॉइंट आठ!”

“पुन्यांदा वाचा!”

“अकरा पॉइंट आठ!”

“बारा धरा. त्येच्यावर चवथा हिस्सा चढवा. किती झालं?”

“पंधरा!”

“गच्चीवर पाइप उन्हात तापतोय. तापल्या पाइपात वायरीची ताकद उतरती. म्हनून चार एमएम. इक्बालभाई, बरुबर का?”

“एकदम बरोबर, चाचा. ब्रेकर वीस का.”

“वीसचाच. आन् कॉइलला येगळी वायर, अडीचची, येगळा सोळाचा ब्रेकर. दिव्याला-पंख्याला त्येंचा सहाचा. जावईबापू, ऐकताय न्हवं? आदी मशीनची भूक बगायची, मग वायर, मग वायरीला झेपंल तेवडाच ब्रेकर. त्यो मशीनसाटी नसतोय. वायरीसाटी असतोय. वायर दमली की त्येनं हात वर करायचा. तुमी त्येचा हातच बांधून घातला!”

मी गच्चीवरून हे सगळं नोंदवहीत लिहून घेतलं. वही अखेर उपयोगी पडली. इक्बालभाईंनी एसीजवळ गच्चीवरच एक वेगळा स्विचही बसवला. वर दुरुस्तीला गेलेल्या माणसानं वीज तिथेच तोडावी म्हणून. साडेतीनला काम झालं, एसी सुरू झाला. मामांनी मुद्दाम तीन बादल्या पाणी काढून सोडायला लावलं आणि कॉइलही चालू करून बघितलं. अर्धा तास काही पडलं नाही, काही तापलं नाही. मग कॉइल बंद केलं. बंद असल्याची खात्री सुजाता आणि इक्बालभाई अशा दोघांनी केली. मला वर पाठवलं नाही.

संध्याकाळी चहाला सुजातानं विषय काढला.

“तुमच्या पेपरात चूक झाली की काय करता?”

“खुलासा छापतो.”

“कुठं?”

“आतल्या पानावर. खाली.”

“हितं पहिल्या पानावर. सगळ्यांच्या ग्रुपवर. आणि टाकायच्या आधी दादांना वाचून दाखवायचा.”

मी मसुदा केला. “‘अनवधानाने असे प्रसिद्ध झाले होते की…’”

“अनवधान म्हंजे काय वं?” मामांनी विचारलं.

“लक्ष नसताना झालेली चूक.”

“लक्ष हुतं की! चा पिताना नीट इचारलं मला. खोडा.”

मी खोडलं. “‘गैरसमजातून…’”

“कुनाचा गैरसमज? माझा न्हाय, सुजीचा न्हाय. खोडा.”

वीस वर्षांत माझी कॉपी कुणी अशी तपासली नव्हती. चौथा मसुदा मंजूर झाला : ‘३२ अँपिअरचा सल्ला मामांनी दिलेला नाही. मी त्यांना विचारलं एक आणि तुम्हाला सांगितलं दुसरं. दीड एमएमच्या वायरीवर ३२ चा ब्रेकर कुणीही बसवू नये. चूक माझी आहे.’

पहिल्या बातमीला सात अंगठे आले होते. खुलाशाला एकोणीस आले. मोडनिंबहून प्रकाशनं पाच चाळीसला आपल्या बोर्डाचा फोटो टाकला. बत्तीसचा ब्रेकर निघाला होता, वायरमन नवी वायर ओढत होता.

मंगळवारी सकाळी दाराबाहेर मामांच्या चपला भिंतीकडे तोंड करून होत्या. त्या कुणी फिरवल्या याची पुष्टी होऊ शकली नाही. डॉक्टरांनी पंधराव्या दिवशी डोळा उत्तम असल्याचं सांगितलं. त्यानंतर मामा आमच्याकडे आणखी सहा दिवस राहिले.

जिन्याची भिंत पुन्हा रंगवली आहे. नव्या बोर्डाच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर चार ओळी आहेत. एसी, वीस. कॉइल, सोळा. गच्चीचा दिवा-पंखा, सहा. चौथी ओळ : जावईबापूंनी हात लावू नये.

मजकूर मामांचा आहे, अक्षर सुजाताचं. म्हणजे स्रोत दोन आहेत.